तू काय टाकलंस माझ्या कॉम्प्युटरमधे?

तर झालं असं की "आईची भाकरी"ची "आईची भारी" झाली.

मी दिवाळी अंकांची प्रूफं बघते. घरी बसून, सांगलीत, बेडरूमच्या कोपऱ्यातल्या एका जुन्या असेंबल केलेल्या डेस्कटॉपवर. ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे आमची सुगी, चार-पाच अंकांची पानं एकदम अंगावर येतात, त्यात घरात गणपती, त्यात पाऊस, त्यात लाइटचं ये-जा. अशात एका कथेत लेखकाने फोनवर सांगितलेली दुरुस्ती मी टाइप करत होते, "आईची भाकरी", आणि मी इन्स्क्रिप्टवर, म्हणजे एका अक्षराला एक बटण अशा मराठी कीबोर्डवर, टाइप करते त्यामुळे भाकरीला बरोबर पाच वेळा बोट पडतं, भ, काना, क, र, वेलांटी. पाचही पडली. पण मधेच डोळ्यासमोर कायतरी काळं लपकन आलं आणि गेलं, आणि क त्या काळ्यात गेला. बाकीचे चार जागेवर. भारी. स्पेलचेक गप्प, कारण भारी हा शब्द आहेच की मराठीत, आणि मीही गप्प, कारण माझं लक्ष त्या काळ्या चौकोनावर गेलं होतं. पान गेलं पुढे. संपादकांचा दुसऱ्या दिवशी मेसेज, "आई भारीच असते, पण इथे भाकरी हवी होती ना?" आणि खाली तो डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारा चेहरा.

प्रूफं बघणाऱ्या बाईला याच्याएवढी लाजिरवाणी गोष्ट नाही.

ती खिडकी मला आदल्या संध्याकाळीही दिसली होती. २६ ऑगस्ट २०२५, गणपतीचा आदला दिवस. कॉम्प्युटर त्याच दिवशी दुपारी दुरुस्त होऊन घरी आला होता. २१ तारखेच्या रात्री वीज कडाडली, लाइट गेली, परत आली, आणि कॉम्प्युटर काही परत आला नाही. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानातला पोरगा घेऊन गेला, एसएमपीएस, म्हणजे आत वीज पुरवणारा डबा, उडाला होता तो बदलला, आतली धूळ ब्लोअरने काढली, चार दिवसांनी आणून जोडून दिला. चहा घेतला, पैसे घेतले, "काकू आता स्टॅबिलायझर बघा एखादा" म्हणाला आणि गेला. आणि त्याच संध्याकाळी पहिल्यांदा ती काळी खिडकी.

आता तुम्हीच सांगा, तुमच्या डोक्यात काय आलं असतं?

माझ्याही तेच आलं. तिसऱ्या दिवशी, भाकरी प्रकरणानंतर, मी फोन उचलला आणि नमस्कार वगैरे काही नाही, सरळ, "तू काय टाकलंस माझ्या कॉम्प्युटरमधे?" तो बिचारा आधी गोंधळला. "काकू मी फक्त एसएमपीएस बदलला, विंडोजला हातपण नाही लावला." मी म्हटलं, मग ते काळं काय येतंय तासातासाला? म्हणाला, उद्या येतो बघायला. मी म्हटलं नको. त्या "नको"मधे जे काय भरायचं ते सगळं भरलं होतं मी. आणि एवढ्यावर थांबले असते तरी ठीक होतं. पण आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी नेमकं त्याच दिवशी विचारलं, लॅपटॉप कुठे दाखवावा, आणि मी लिहिलं की कोपऱ्यावरच्या दुकानात देऊ नका, माझा अनुभव चांगला नाही, त्यांनी परत दिल्यापासून माझ्या कॉम्प्युटरवर काहीतरी उघडतंय. २८ ऑगस्ट, दुपारी सव्वातीन. वेळ लक्षात आहे कारण तो मेसेज मी नंतर फार वेळा उघडून बघितलाय.

घरातल्यांची मतं अशी. नवरा म्हणाला बँकेचा पासवर्ड बदल आधी, तो मी मोबाइलवरून बदलला. शेजारच्या ताई म्हणाल्या ऑक्टोबरात विंडोज १० बंद होणारे म्हणून कंपनीच मुद्दाम त्रास देते लोकांना नवीन घ्यायला लावायला. (१४ ऑक्टोबर २०२५ नंतर विंडोज १० ला फुकटचे नेहमीचे अपडेट बंद होणार होते हे खरं, पण त्यासाठी कुणी माझा क पळवेल असं नाही वाटत.) सासूबाईंनी एवढंच विचारलं, "काही बोलतंय का ते?" म्हटलं नाही आई, नुसतं येतं आणि जातं. "मग येऊ दे की."

भाचा पुण्याला आयटीत. त्याला फोन केला तर तो मीटिंगमधे, हळू आवाजात म्हणाला, "आत्या, फॉरमॅट मार." या पिढीला काहीही झालं की फॉरमॅट मार. माझ्या त्या मशीनवर जुन्या फाँटांच्या फायली आहेत, ते युनिकोडमधे बदलायचे कन्व्हर्टर आहेत, पंधरा वर्षांची प्रूफं आहेत, घरात एक उंदीर शिरला म्हणून कुणी घर पाडतं का.

अँटिव्हायरसने साडेतीन तास लावून पूर्ण स्कॅन केलं आणि काही नाही म्हणाला. मग मी शहाण्यासारखं टास्क मॅनेजर उघडून त्याच्याकडे टक लावून बसले. खिडकी आली, गेली, यादीत काहीही हललं नाही. याचं कारण मला नंतर कळलं आणि फार आवडलं, टास्क मॅनेजर नेहमीच्या सेटिंगला सेकंदाला एकदा यादी ताजी करतो, आणि आपला पाहुणा सेकंदाच्या आत येऊन जातो. म्हणजे वॉचमन दर सेकंदाला डोळे मिटतो आणि चोर नेमका तेव्हढ्यात जिना उतरतो.

इंटरनेटवर शोधावं तर आणखी गोंधळ. कुठल्याही ईएक्सईचं, म्हणजे प्रोग्रॅमच्या फाइलचं, नाव टाका, दहा साइट हजर, हा व्हायरस आहे का, असू शकतो, नसूही शकतो, आमचं क्लीनर डाउनलोड करा. मला वाटतं त्या क्लीनरांनीच लोकांचे कॉम्प्युटर जास्त बिघडवलेत. असो.

मग मी माझ्या पद्धतीने सुरुवात केली, म्हणजे कागदावर. स्वयंपाकघरात कालनिर्णय असतं, त्यात दुधाचा हिशोब असतो, त्याच चौकोनांत पेन्सिलीने खिडकीच्या वेळा लिहायला लागले. प्रूफरीडरला दुसरं येतं काय, ओळीवर बोट ठेवायचं आणि सरकायचं. २७ तारखेच्या आठवल्या तेवढ्या, १०:४२, ११:४२. २८ ला ११:०७, १२:०७, १:०७. २९ ला ९:५५, १०:५५, ११:५५. नवऱ्याने दुधाचा हिशोब करताना विचारलं, हे काय, दूध तासाला येतं का आता?

पण बघा, किती सुंदर दिसतं ते लिहिल्यावर. एका दिवसात मिनिट तेच. दर तासाला, न चुकता. आणि दुसऱ्या दिवशी मिनिट वेगळं. मला तेव्हा अर्थ लागला नाही, पण एक कळलं की हे जे काय आहे ते घड्याळ बघून येतंय, मनात आलं म्हणून नाही. आणि जे वेळेवर येतं त्याच्यासाठी दारात उभं राहता येतं.

म्हणून ३० तारखेला मी मोबाइल घेतला. स्लो मोशन. आरतीच्या पुस्तकांच्या गठ्ठ्याला टेकवून मोबाइल मॉनिटरसमोर उभा केला, वेळेच्या अर्धा मिनिट आधी रेकॉर्डिंग सुरू केलं आणि हात मांडीवर ठेवून बसले, जणू फोटोग्राफरकडे पासपोर्ट फोटोला बसलेय. लपकन. आली, गेली. मग व्हिडिओ बघितला. माझा फोन सेकंदाला २४० फ्रेम घेतो, म्हणजे एक सेकंद आठ सेकंदांएवढा ताणला जातो. तर तिथे ती अशी ऐटीत उलगडली, आधी नुसती पांढरी चौकट, मग आत काळं भरलं, मग वरच्या पट्टीत अक्षरं उमटली, आणि गेली. ताणलेल्या व्हिडिओत जेमतेम सव्वा सेकंद, म्हणजे खऱ्यात सेकंदाचा सहावा भाग. मी तो व्हिडिओ थांबवला, दोन बोटांनी मोठा केला, चष्मा वर करून डोळा काचेला लावला. वरच्या पट्टीत लिहिलं होतं सी कोलन विंडोज सिस्टिम३२ सीएमडी डॉट ईएक्सई.

बस. पुढे काही नाही. एवढा खटाटोप करून कळलं काय, तर सीएमडी. म्हणजे विंडोजचा स्वतःचाच कमांड प्रॉम्प्ट, हुकूम टाइप करून द्यायची काळी खिडकी. रंगमंच दिसला, नट दिसलाच नाही.

गौरीजेवणाला भाचा आला, १ सप्टेंबरला. आधी पुरणपोळी खाल्ली, मग झोपला, मग उठून मला म्हणाला दाखव ते कालनिर्णय. आणि कालनिर्णय बघून त्याचा चेहरा बदलला. "आत्या, हे भारी आहे." (भारी शब्द ऐकला की आता मी दचकते.) "तू सकाळी कॉम्प्युटर लावतेस तेव्हा किती वाजलेले असतात?" ते काय रोज वेगळं, आरती झाली की लावते, मग तो सुरू होईपर्यंत चहा ठेवायला जाते. "तेच. ते लॉगिनपासून तास मोजतंय. पहिल्यांदा लॉगिन झाल्याझाल्या येत असणार, पण तेव्हा तू चहाकडे. दुसऱ्यांदा तासाने येतं ते तुला दिसतं." मग म्हणाला, म्हणजे हे टास्क शेड्युलरचं काम. विंडोजमधे कामांची एक वही असते, अमुक वाजता हे कर, लॉगिन झालं की ते कर, कॉम्प्युटर रिकामा बसला की आणखी काही कर. ती उघडून दाखवली तर आत शेकड्याने कामं. विंडोजची स्वतःचीच इतकी, फोल्डरच्या आत फोल्डर, आणि त्यात रोज चालणारी, तासाला चालणारी कितीतरी. नुसतं बघून कोण आपला पाहुणा ते सांगणं अवघड. इतिहासाचा टॅब होता, पण तो आधीपासून बंद. तो चालू करावा लागतो हे ज्याला हवं त्याला नेमकं माहीत नसतं.

मला एक विचारायचं होतं, ते काळं का येतं मुळात? बाकी इतकी कामं चालतात, ती नाही दिसत. तर त्याने जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. विंडोजमधला प्रत्येक प्रोग्रॅम आपल्या कपाळावर लिहून आणतो की मी कुठल्या जातीचा, खिडक्या-बटणांवाला का काळ्या पडद्यावर अक्षरं छापणारा. फाइलच्या सुरुवातीच्या भागात एक आकडा असतो, खिडकीवाल्यांचा २, काळ्या पडद्यावाल्यांचा ३. आता ३ वाला आला की विंडोज विचारत नाही तुला काही छापायचंय का, ती आधी पाट मांडते. बसायला पाट पाहिजेच. मग तो पाहुणा बसला न बसला, सेकंदाच्या सहाव्या भागात उठून गेला, तरी पाट मांडला गेला आणि उचलला गेला, आणि आपल्याला दिसतो तो पाट. लिहिणाऱ्याने नीट लिहिलं असेल तर सांगता येतं, पाट नको, उभ्याउभ्या काम करून जातो. पण ते सांगायला तो विसरतो, किंवा त्याला पडलेली नसते. आणि पाट मांडताना कीबोर्डही त्याच्याकडे वळतो, म्हणून माझा क त्याला गेला. त्या क ने त्याला काही झालं नाही, तो ऐकतच नव्हता.

भाचा मंगळवारी सकाळी गेला. जाताना मला एक चिठ्ठी देऊन गेला आणि म्हणाला तू स्वतः कर, तुला जमेल, तू लोकांच्या चुका शोधून पोट भरतेस. हे कौतुक होतं का टोमणा ते मी अजून ठरवलेलं नाही.

चिठ्ठीत लिहिलं होतं, प्रोसेस मॉनिटर. मायक्रोसॉफ्टच्या साइटवर फुकट मिळतं, इन्स्टॉल करावं लागत नाही, उघडायचं आणि चालवायचं. मी उघडलं आणि घाबरले. म्हणजे मी काहीच करत नव्हते, कॉम्प्युटर नुसता बसला होता, आणि पडद्यावर ओळींचा धबधबा, हा ती फाइल उघडतोय, तो रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदींत, डोकावतोय, दोन मिनिटांत खालचा आकडा लाखांत. आपल्याला वाटतं मशीन शांत आहे. कसलं शांत, लक्ष्मीरोड आहे आत दिवाळीचा. मग चिठ्ठीप्रमाणे फिल्टर लावला, ऑपरेशन इज प्रोसेस स्टार्ट, म्हणजे फक्त नवीन कोण जन्माला आलं तेवढंच दाखव, आणि बाकीचं साठवूही नकोस. एकदम सगळं गप्प. रिकामा पांढरा पडदा. बुधवार, ३ सप्टेंबर, त्या दिवसाचं मिनिट होतं ३८.

११:३६ पासून बसले. सासूबाई शेजारी येऊन बसल्या, त्यांना वाटलं काहीतरी लागणार आहे, क्रिकेट वगैरे.

११:३८. लपकन. आणि पांढऱ्या पडद्यावर तीन ओळी.

मग प्रोसेस ट्री उघडायचं, तिथे वंशावळ दिसते, कोणाच्या पोटी कोण, आणि जे मेलेत तेही दिसतात, फिकट चित्रात. हे मला फार म्हणजे फार आवडलं. टास्क मॅनेजरमधे फक्त जिवंत माणसं, इथे गेलेल्यांचीही नोंद. सगळ्यात वर एसव्हीसीहोस्ट, म्हणजे विंडोजच्या सर्व्हिस (पडद्यामागे चालणारी कामं) चालवणारा, त्याच्या पोटी सीएमडी, सीएमडीच्या पोटी कॉनहोस्ट म्हणजे तो पाट मांडणारा, आणि एससी नावाचा सर्व्हिसची चौकशी करणारा एक छोटा प्रोग्रॅम, तोही विंडोजचाच. एसव्हीसीहोस्ट बघून माझ्या पोटात गोळा, कारण याच नावाचे व्हायरस असतात असं वाचलेलं. चिठ्ठीत त्याचंही होतं, एसव्हीसीहोस्ट पन्नास दिसले तरी घाबरू नकोस, २०१७ च्या अपडेटपासून साडेतीन जीबीपेक्षा जास्त रॅम असेल तर विंडोज बहुतेक सर्व्हिसला वेगवेगळा एसव्हीसीहोस्ट देते. फक्त तो सिस्टिम३२ मधूनच चालतोय ना बघ, आणि स्पेलिंग बघ, काही बदमाश अक्षरं उलटीपालटी करतात. स्पेलिंग बघ! मला सांगतोय. बघितलं, बरोबर होतं. आणि त्याच्या कमांड लाइनच्या शेवटी लिहिलं होतं शेड्यूल. म्हणजे कामांची वही सांभाळणारा कारकून तो हाच.

सीएमडीवर क्लिक केलं तर खाली पूर्ण कमांड लाइन. आणि त्यात, प्रोग्रॅमडेटा या लपवलेल्या फोल्डरच्या आत, एका प्रिंटर कंपनीच्या नावाचं फोल्डर, आणि त्यात एक बॅच फाइल, म्हणजे एकामागून एक हुकूम लिहिलेली फाइल.

प्रिंटर.

आमच्याकडे प्रिंटर नाहीये.

म्हणजे होता. लॉकडाऊनच्या आधी घेतलेला, शाई पिणारा, एका पानाला तीनदा अडकणारा. दोन वर्षं कपाटावर पडून होता, त्यावर मी रुखवताचं सामान ठेवायचे. मागच्या दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला दिला, त्याने वजन करून दिडशे रुपये दिले आणि वायर वेगळी मागून घेतली. प्रिंटर गेला. पण त्याचं सॉफ्टवेअर काढायचं असतं हे कुणाच्या डोक्यात येतंय, ते आपलं आत बसून होतं, वर्षभर, आणि बसून होतं एवढंच नाही तर स्वतःला अपडेट करत होतं. मालक भंगारात, आणि गडी नवे कपडे शिवतोय.

बॅच फाइल नोटपॅडमधे उघडता येते, डबल क्लिक नाही करायचं, राइट क्लिक करून एडिट. आठ-दहा ओळी. पहिलीच ओळ, इको ऑफ. म्हणजे काय करतोयस ते बोलून दाखवू नकोस. म्हणून आत काही अक्षरं दिसत नव्हती, नुसतं काळं. पुढे मला अर्धंमुर्धं कळलं ते असं की तो एससीला विचारतो, आपली ती अमुक सर्व्हिस चालू आहे का, नसेल तर परत जा. बाकीच्या ओळी चालू असेल तर काय करायचं याच्या, तिथवर तो कधी पोचतच नव्हता. दर तासाला येऊन विचारायचा, प्रिंटर आहे का? नाही? बरं. आणि जायचा. एका तासाने परत. आमच्या लहानपणी माधवनगरला एक पोस्टमन होते, ते आमच्या आजोबांच्या नावाचं काही नसलं तरी दारात थांबून "आज काही नाही" एवढं सांगून जायचे, आजोबा गेल्यावरही बरेच दिवस. त्यांची आठवण झाली एकदम. अर्थात पोस्टमन माझी अक्षरं खात नव्हते.

खात्री म्हणून मी ती फाइल व्हायरसटोटलवरही टाकली. ही साइट २००४ मधे स्पेनमधे सुरू झाली, २०१२ पासून गूगलकडे आहे, आपण फाइल दिली की सत्तरएक अँटिव्हायरसांना एकदम दाखवते. सगळ्यांनी हिरवं दिलं. (स्वतःची कागदपत्रं मात्र तिथे टाकू नका, तिथे दिलेली फाइल बाकीच्यांनाही बघता येऊ शकते.)

मग टास्क शेड्युलर उघडला, आता नाव माहीत होतं त्यामुळे सापडायला वेळ लागला नाही. आणि तिथे, नाव, ट्रिगर, पुढची वेळ, मागची वेळ, असे रकाने सरकवत सरकवत उजवीकडे अगदी शेवटी एक रकाना असतो, क्रिएटेड. हे काम वहीत कधी लिहिलं गेलं.

२१ ऑगस्ट, दुपारी ४:१०.

मी कालनिर्णय काढून आणलं. २१ चा चौकोन. त्यात लिहिलेलं, "रात्री ९ वीज, कॉम्प्यु. बंद". २२ ला "दुकानात दिला". २६ ला "आला".

२१ तारखेला दुपारी, मी इथे बसून काम करत असताना, त्या सॉफ्टवेअरने स्वतःला अपडेट केलं आणि वहीत हे काम लिहून ठेवलं, लॉगिन झालं की चालव आणि मग दर तासाला. लॉगिन तर सकाळीच झालेलं, त्यामुळे त्या दिवशी ते चाललंच नाही. पुढचं लॉगिन दुसऱ्या दिवशी व्हायचं, पण रात्री वीज पडली. ते पुढचं लॉगिन झालं ते २६ ला संध्याकाळी, पोराने मशीन आणून जोडून दिल्यावर. त्याचा संबंध एवढाच की त्याने ते बंद पडलेलं मशीन चालू केलं.

मी बराच वेळ तशीच बसले. सासूबाई म्हणाल्या, "सापडला का?" म्हटलं सापडला. "कोण होता?" म्हटलं आपला तो जुना प्रिंटर. त्यांनी कपाटाच्या वर बघितलं.

त्या रात्री मी हे प्रोसेस मॉनिटर बनवणाऱ्या माणसाबद्दल वाचत बसले. मार्क रुसिनोविच. याने आणि ब्राइस कॉग्सवेलने १९९६ मधे एक साइट सुरू केली, विंडोजच्या पोटात बघायची छोटी छोटी हत्यारं फुकट द्यायची, पुढे ती सिसइंटर्नल्स नावाने प्रसिद्ध झाली आणि जुलै २००६ मधे मायक्रोसॉफ्टनेच दोघांची कंपनी विकत घेतली. पण त्याच्या आधीची एक गोष्ट मोठी आहे. २००५ मधे हा आपल्याच कॉम्प्युटरवर आपलंच एक हत्यार तपासून बघत होता तर त्याला लपवलेल्या फायली दिसल्या. विंडोजला विचारलं तर इथे काही नाही म्हणते, आणि आहे तर खरं. त्याने काय केलं, फाइल, मग ती कोण लपवतंय तो ड्रायव्हर, मग तो ड्रायव्हर कुठल्या कंपनीचा, मग ती कंपनी काय बनवते, असं एकेक पाऊल, आणि शेवटी पोचला तो त्याने स्वतः विकत आणलेल्या गाण्याच्या एका सीडीपाशी. सोनी बीएमजीची सीडी. कॉपी करू नये म्हणून तिने न सांगता आत एक रूटकिट, म्हणजे स्वतःला लपवून बसणारं सॉफ्टवेअर, बसवलं होतं. ३१ ऑक्टोबर २००५ ला त्याने हे सगळं लिहून प्रसिद्ध केलं, गदारोळ झाला, नोव्हेंबरात कंपनीने त्या सीडी बाजारातून परत मागवल्या.

मला त्यात सीडीचं एवढं काही वाटलं नाही. मला वाटलं ते हे की त्याने कंपनीचं नाव घेतलं ते सगळ्यात शेवटी. धागा तिथे पोचल्यावर. मी नाव पहिल्याच ओळीत घेतलं होतं आणि धागा नंतर शोधायला बसले. आणि माझं कामच काय तर अनुमान करायचं नाही. लेखकाने "भारी" लिहिलं तर त्याला भाकरी म्हणायचं असेल असं मनाने ठरवून बदलायचं नसतं, मूळ हस्तलिखित काढून बघायचं असतं. हे मी नवीन पोरींना शिकवते. तोंडाने.

ते काम मी डिलीट नाही केलं, आधी डिसेबल केलं, म्हणजे काही अडलं तर परत चालू करता येतं. १२:३८ ला बसून राहिले, काही आलं नाही. मग कंट्रोल पॅनलमधून प्रिंटरचं सगळं सॉफ्टवेअर काढलं, जाताना त्याने विचारलं, आपण का जाताय ते आम्हाला सांगाल का? नाही सांगितलं.

राहिला तो मेसेज. डिलीट फॉर एव्हरीवन करायला गेले तर तो पर्यायच येईना, व्हॉट्सअॅपवर पाठवलेला मेसेज सगळ्यांसाठी पुसायला दोन दिवस आणि बारा तास मिळतात, माझे सहा दिवस झालेले. तेव्हा गेले दुकानात. दुपारची वेळ, तो एकटाच, समोर कुणाचातरी लॅपटॉप उघडा, स्क्रू एका झाकणात नीट लावलेले. मी सगळं सांगितलं. वीज, लॉगिन, २१ तारीख, प्रिंटर. बोलताना मला जाणवलं की मी माफी कमी मागतेय आणि शोध जास्त सांगतेय, कारण शोध सांगणं सोपं. तो ऐकत होता. मधे एकदाच विचारलं, "डिलीट केलं का डिसेबल?" म्हटलं आधी डिसेबल, मग सगळंच काढलं. "बरं केलंत." मग म्हटलं माझं चुकलं रे, मी फोनवर बोलले तसं बोलायला नको होतं. "नाय ओ काकू, चालतं. लोकांना कॉम्प्युटर परत दिला की त्यात जे काय होईल ते आमच्यावरच येतं, महिनाभर तरी. आमच्या धंद्यात धरूनच चालायचं ते." आणि स्क्रू ड्रायव्हर पुसत, माझ्याकडे न बघता, "माझी मावशी तुमच्याच सोसायटीत राहते. सी विंगला."

म्हणजे त्याला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून.

घरी येऊन मी ग्रुपवर लिहिलं. पाच-सहा वेळा खोडून लिहिलं, शेवटी अकरा ओळी झाल्या, २८ तारखेचा मेसेज चुकीचा होता, दोष माझ्याच जुन्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरचा निघाला, दुकानाचा काही संबंध नाही, मी त्यांची माफी मागितलेली आहे आणि इथेही मागते. प्रूफ दोनदा वाचलं. पाठवलं. तीन अंगठे आले. एक नमस्कार आला. लगेच खाली कुणीतरी विसर्जनाच्या मिरवणुकीची वेळ टाकली आणि माझा मेसेज वर सरकला. रात्री साडेदहाला बी विंगच्या एका ताईंनी माझ्या मेसेजला रिप्लाय केला, अकराच्या अकरा ओळी कोट करून, "ताई, मग प्रिंटर घ्यायचा तर कुठला घ्यावा?"

मी दुकानाचा नंबर दिला.